एक-दोनचं टेबल

गणपती पाच-सहा दिवसांवर आले असताना, ऑगस्ट २०२५मध्ये, चाकणजवळच्या नाणेकरवाडीत दहा बाय बाराच्या एका खोलीत एका मोबाइलवरचं पोकरचं ॲप पैसे घ्यायचं थांबलं. रोख टेबलं बंद झाली आहेत, खात्यातली शिल्लक काढून घ्या, एवढीच सूचना आली. शिल्लक होती ४१२ रुपये.

खोलीत तिघं राहतात. ज्याचा तो मोबाइल तो बीड जिल्ह्यातला, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, महाळुंग्याच्या बाजूला एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. कंत्राटी. महिन्याला हातात १९ हजार पडतात. त्याचं नाव इथे देत नाही, कंपनीचंही नाही. वर्षभर तो एक आणि दोन रुपयांच्या टेबलावर खेळत होता आणि त्याने प्रत्येक महिन्याचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवला होता. तो हिशेब त्याने मला दाखवला, म्हणून हा लेख लिहिता आला.

ही रोख टेबलं ज्याने बंद केली तो कायदा फार वेगाने झाला. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत मांडलं गेलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं. २१ला राज्यसभेने मान्यता दिली, २२ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा प्रश्नच कायद्याने निकालात काढला : कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे लागले की बंदी. देशात ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि त्यांचे २० हजार कोटींहून अधिक रुपये गेले, असा सरकारचा अंदाज होता.

पिंपरी-चाकणच्या या पट्ट्यात ऑनलाइन खेळाची गोष्ट निघाली की लोक कोटीचीच सांगतात. ऑक्टोबर २०२३मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांतल्या एका उपनिरीक्षकाला क्रिकेटच्या फँटसी ॲपवर दीड कोटीचं बक्षीस लागलं. आधी पेढे, मग वर्दीत दिलेल्या मुलाखती, मग चौकशी आणि निलंबन. महिनाभर टेल्को रोडच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. निलंबन लोक विसरले, दीड कोटी लक्षात राहिले. पण ज्यांना कोटी नको होते, रात्री दोन तास डोकं चालवायचं होतं आणि त्यासाठी दोनशे रुपये मोजायची तयारी होती, अशी माणसंही या पट्ट्यात पुष्कळ होती. बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध जे लिहिलं गेलं, त्यात ही माणसं कुठे नाहीत.

पत्ते इथे नवे नाहीत. पुणे-लोणावळा लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी ठेवून मेंढीकोट आणि रमीचे डाव वर्षानुवर्षं चाललेत. शिवाजीनगरला पत्ते वाटले की आकुर्डी-देहूरोडपर्यंत दोन-तीन डाव होतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आल्या. त्यांच्या वसाहतींत आणि क्लबांत पत्त्यांनी बस्तान बसवलं. गणपतीच्या मांडवात रात्रीची राखण रमीवर निघते. बलिप्रतिपदेला तर द्यूताला धर्माचीच परवानगी आहे, शंकर-पार्वतीच्या सोंगट्यांची कथा त्या दिवसाशी जोडलेली आहे. दुसऱ्या टोकाला मटका. १९६२ साली मुंबईत कल्याणजी भगतने वरळीचा आकडा सुरू केला आणि गिरणगावातून तो राज्यातल्या प्रत्येक कामगार वस्तीत पोचला, भोसरी आणि पिंपरीही त्यातच. स्थानिक पानावर आजही आठवड्यातून एकदा तरी ‘तीनपत्ती जुगार अड्ड्यावर छापा’ अशी बातमी असते. तिच्यात १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्याची कलमं असतात, जप्त रोख असते आणि मोबाइलची संख्या असते.

या सगळ्यात पोकर उशिरा आलं. हिंजवडीच्या आयटीवाल्यांनी आणि परदेशी प्रोजेक्टवर जाऊन आलेल्या इंजिनिअरांनी ते आणलं, यूट्यूबने ते चाकणच्या खोल्यांत नेलं.

तीनपत्ती येणाऱ्याला पोकर दहा मिनिटांत समजतं. प्रत्येकाला दोन पत्ते उपडे. मग मध्ये पाच पत्ते उघडे पडतात, पण एकदम नाही : आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न, मग शेवटचा रिव्हर. प्रत्येक टप्प्याला बोली. सातांतल्या उत्तम पाचांचा हात करायचा. पत्ते बघण्याआधी फक्त दोघांना सक्तीने पैसे टाकावे लागतात. एकाने एक रुपया, दुसऱ्याने दोन; हे ब्लाइंड, त्यातला दोनचा तो बिग ब्लाइंड. म्हणून एक-दोनचं टेबल. तीनपत्तीत हातात तीन पत्ते आले की माहिती संपते, पुढे फक्त पैसा आणि चेहरा. पोकरमध्ये माहिती टप्प्याटप्प्याने येते आणि प्रत्येक टप्प्याला तिची किंमत विचारली जाते. मला तो खेळ आवडतो तो याच कारणाने.

त्या मुलाने मला ही किंमत एका जुन्या इन्स्पेक्शन रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवली. समजा, हातात दोन बदाम आहेत आणि फ्लॉपला दोन बदाम पडले. आणखी एक बदाम आला की फ्लश होतो. न दिसलेले पत्ते ४७, त्यात बदाम ९. म्हणजे पुढच्या पत्त्याला बदाम यायची शक्यता १९ टक्के. मध्ये ४० रुपये जमलेत आणि समोरच्याने १० टाकले, तर आता ५०साठी १० द्यायचेत. जिंकायची शक्यता सतरा टक्क्यांच्या आसपास असली तरी सौदा परवडतो, आपली १९ आहे, म्हणून खेळायचं. त्याने ४० टाकले, तर ८०साठी ४० द्यायचेत. आता ३३ टक्के लागतात, आपल्याकडे १९च, म्हणून पत्ते टाकून द्यायचे. “सर, हे आमच्या सॅम्पलिंगसारखंच आहे,” तो म्हणाला. “एका पार्टवरून लॉट पास-फेल नाही करायचा.”

पोकरमध्ये बरोबर निर्णय घेऊनही माणूस हरतो, आणि वारंवार हरतो. एक्क्यांची जोड २२१ डावांत सरासरी एकदा मिळते. समोर राजांची जोड असली, तर पाचांत चार वेळा एक्के जिंकतात. पाचव्या वेळी राजे जिंकतात आणि तेव्हा पैसे लागलेले असतात भरपूर. दर शंभर डावांत सरासरी पाच बिग ब्लाइंड, म्हणजे या टेबलावर दहा रुपये, जिंकणारा चांगला खेळाडूही दहा हजार डावांच्या शेवटी साधारण दहात तीन वेळा तोट्यात असतो. कौशल्य दिसायला एवढे डाव लागतात. एका रात्रीवरून, एका महिन्यावरून कुणी पोकर चांगलं खेळतो की वाईट, हे सांगता येत नाही, आणि हरणाऱ्याला आपण कमनशिबी आहोत अशी समजूत करून घ्यायला तेवढी जागा पुरते.

न्यायालयांचीही याच जागी ओढाताण झालेली आहे. १९५७ साली चमारबागवाला यांच्या शब्दकोडे-स्पर्धांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत रेष ओढली. पुढे सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात त्याच न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटलं, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. तीनपत्तीसारखे खेळ मात्र निव्वळ नशिबाचे ठरले. पोकर मध्येच लोंबकळत राहिलं. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्याने ते नाव घेऊन जुगारातून वगळलं होतं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये त्याला जुगार म्हटलं. त्याच वर्षी कोझिकोडच्या आयआयएममध्ये पोकरच्या आधारे व्यूहरचना शिकवायचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये आदित्य सुशांत व निपुण जावा यांनी जोडीने खेळायची स्पर्धा जिंकली. एकाच खेळाला एकाच देशात एकाच वर्षी गुन्हा, विषय आणि किताब अशी तिन्ही नावं मिळाली.

आता एक्सेलकडे येतो.

वर्षभरात त्या मुलाने सुमारे ६० हजार डाव खेळले. नेहमी दोन टेबलं एकाच वेळी. दुसरी पाळी साडेबाराला सुटायची, कंपनीची बस तळेगाव चौकात अडकली नाही तर एकपर्यंत खोलीवर, दीड ते चार खेळ. तासाला १४० डाव. म्हणजे वर्षाला ४३० तास. त्या डावांत इतर खेळाडूंकडून त्याने ६ हजार रुपये जिंकले होते. तरीही वर्षाच्या शेवटी एक-दोनच्या टेबलावर तो ३ हजार ६०० रुपयांनी तोट्यात होता. मधले ९ हजार ६०० गेले रेकमध्ये.

रेक म्हणजे टेबल चालवणाऱ्याची कात्री. पोकरमध्ये कंपनी तुमच्याविरुद्ध खेळत नाही. ती प्रत्येक मोठ्या डावातून ठरावीक टक्के, बहुधा पाचच्या आसपास, काढून घेते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सहा जण प्रत्येकी २०० रुपये घेऊन एक-दोनच्या टेबलावर बसले आणि दर डावाला सरासरी एक रुपया कापला गेला, तर तासाला ७० डावांच्या हिशेबाने टेबलावरचे सगळे १,२०० रुपये १७ तासांत कंपनीकडे जातात. कुणी चांगला खेळो, कुणी वाईट. मोठ्या टेबलांवर रेकला वरची मर्यादा असते, म्हणून तिथे तिचं प्रमाण घटतं. सगळ्यात जड ती लहान टेबलालाच पडते. एक रुपयाच्या टेबलावर बसणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत, आणि त्याच्याकडूनच प्रमाणाने सर्वांत जास्त वसूल होतं.

हे मी त्याला म्हटलं, तेव्हा त्याने मला दुरुस्त केलं. तो म्हणाला, “सर, रुपयाचं काही नाही हो. प्रेसवर एका स्ट्रोकला काय लागतं ते कुणी विचारत नाही, तासाला किती स्ट्रोक निघतात ते विचारतात. पैसा ब्लाइंडमध्ये नव्हता. सायकल टाइममध्ये होता.”

मला या विषयावर जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, आणि ते त्यानेच सांगितलं. डाव लहान आहे की मोठा, हे एक-दोनच्या आकड्यावरून ठरत नाही. तासाला किती डाव, हे विचारावं लागतं. हाताने पत्ते पिसून, वाटून, गप्पा मारत खेळलं तर तासाला वीस-पंचवीस डाव होतात. ॲपवर एका टेबलाला सत्तर, दोन टेबलांना एकशेचाळीस, चारांना २८०. बिग ब्लाइंड दोनच रुपये, पण दहापट वेगाने. त्यात पत्ते पिसायचा वेळ नाही, कुणी पाणी आणायला उठत नाही, कुणी ‘बास झालं आता’ म्हणत नाही.

आणि ॲपला भिंत नाही. हे मला त्याच्या एक्सेलमधल्या एका ओळीने कळलं. सगळ्या ओळींतली रक्कम शंभरात, दोनशेत, एखादी पाचशेत. एकच ओळ १४ हजारांची. दुसऱ्या पाळीला ग्राहकाकडून एक लॉट परत आला होता, सुपरवायझरने लाइनवर सगळ्यांसमोर झापलं होतं. रात्री एक-दोनच्या टेबलावर त्याला एक्क्यांची जोड मिळाली, समोर राजे होते, सगळे पैसे मध्ये गेले आणि रिव्हरला राजा पडला. गेले दोनशे रुपये. त्याने अंगठा वर सरकवला आणि पंचवीस-पन्नासच्या टेबलावर जाऊन बसला. पाच हजार, मग पाच हजार, मग चार. चार वाजता खातं रिकामं. त्यात भिशीचे पैसे होते. हरल्याच्या रागात असं खेळत सुटण्याला पोकरवाले टिल्ट म्हणतात. घरी त्या महिन्याला काही गेलं नाही, मित्राची उधारी दोन पगार फिटत होती. एक-दोनच्या टेबलावर वर्षभराच्या सगळ्या खेळात जेवढं गेलं त्याच्या चौपट एका रात्रीत गेलं.

ॲपवर दोन रुपयांचं टेबल आणि पन्नास रुपयांचं टेबल यांच्यामध्ये अंगठ्याएवढं अंतर होतं. कुणी विचारणारं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू झालं, जुगाराच्या व्यसनाची समोरासमोरचं आणि प्रामुख्याने ऑनलाइन अशी वेगळी नोंद केली आहे. त्या रात्रीच्या ओळीकडे पाहिलं की ही वेगळी नोंद का लागली ते समजतं. त्याला व्यसन होतं असं मी म्हणणार नाही. त्या रात्रीनंतर तो पुन्हा कधी वरच्या टेबलावर गेला नाही, हिशेब तसं सांगतो. पण सगळ्यांचा हिशेब तसा नसतो, आणि सगळे हिशेब ठेवत नाहीत.

करांनी या छंदाचं आधीच कंबरडं मोडलं होतं. १ एप्रिल २०२३पासून ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कपात. १ ऑक्टोबर २०२३पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी : शंभर रुपये खात्यातून निघाले तर टेबलावर पोचायचे अठ्ठ्याहत्तर. काही कंपन्या फरक बोनस म्हणून परत देत, त्यामुळे खेळणाऱ्याला तो टोचत नसे आणि तो आणखी खेळे.

निगडी प्राधिकरणात शनिवारी रात्री एक टेबल बसतं. सात-आठ जण, त्यात एका जर्मन कंपनीतले दोघं डिझाइनवाले, एक दातांचा डॉक्टर, एक प्राध्यापक बाई आणि टेल्कोच्या टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका. पाच-दहाचे ब्लाइंड, ५०० रुपयांचा बाय-इन, म्हणजे टेबलावर बसायची रक्कम. पैसे आल्याआल्या स्टीलच्या डब्यात टाकायचे. हरलात तर आणखी एकदा ५००, तिसऱ्यांदा नाही. उधारी नाही. बाराला शेवटचा फेरा. खाणं टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी. रेक नाही, यजमान एक रुपया घेत नाही.

मी पाहिलेला एक डाव सांगतो. फ्लॉपला बदामाचा राजा, किलवरची नश्शी, चौकटची चौकी. काकांच्या हातात राजा-राणी. त्यांनी वीस टाकले, डिझाइनवाल्या पोराने निमूट वीस भरले. टर्नला इस्पिकची दुर्री. काकांनी चाळीस टाकले, पोराने थोडं थांबून चाळीस भरले. रिव्हरला बदामाची नश्शी. काकांनी टेबलावर बोट ठेवून चेक केलं, म्हणजे काही न लावता बोली पुढे दिली, आणि पोराने क्षणात दीडशे पुढे ढकलले. काका मिनिटभर त्याच्या हातांकडे बघत राहिले. मग राजा-राणी उघडे टाकून म्हणाले, “मघाशी चाळीसला विचार करत होतास, आता दीडशेला नाही केलास. तुझ्याकडे नश्शी आहे.” पोराने हसून एक्का-नश्शी दाखवली. दीडशे रुपये वाचले, आणि त्या वाचलेल्या दीडशेंवर पुढे अर्धा तास चर्चा झाली. पुढचा डाव वाटायला लागलेला तो वेळ माझ्या मते या टेबलाची सगळ्यात मोठी सुरक्षा आहे. इथे कुणाला टिल्ट आला तर आठ जणांना दिसतो. काका पत्ते पिसायला जास्त वेळ लावतात, डॉक्टर चहा ठेवायला उठतो.

रोख टेबलं बंद झाल्यावर फुकटच्या चिप्सवर खेळता येतंच की, असं मी नाणेकरवाडीत विचारलं होतं. त्या मुलाने मान हलवली. पैसे नसले की समोरचा कुठल्याही पत्त्यावर ऑल-इन जातो, म्हणजे सगळं लावून टाकतो, मग त्याच्या चालीत वाचायला काही उरत नाही. बुद्धिबळ, कॅरम, ब्रिज पैशाशिवाय पूर्ण होतात. पोकरमध्ये पैसा हा खेळाचा भाग आहे, कारण बोली हीच त्याची भाषा आहे. बोली खरी वाटायला ती थोडी तरी टोचावी लागते. ५०० रुपये निगडीत टोचतात तेवढेच १०० रुपये चाकणला टोचतात.

मग कॅसिनो? कायद्याने ऑनलाइन बंद केलं, गोव्यात मांडवीतली कॅसिनोची जहाजं बंद केली नाहीत. महाराष्ट्राने १९७६ साली स्वतःचा कॅसिनो कायदा केला होता, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द केला. गोव्याचा जुगारविषयक कायदाही १९७६चाच. नव्वदच्या दशकात त्यात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आणि नदीत जहाजं आली. गमतीचा नव्हे तर विचार करायचा भाग असा की खुद्द गोंयकारांना फेब्रुवारी २०२०पासून तिथे खेळायला मनाई आहे. राज्याला त्या जहाजांचा महसूल हवा आहे, आपल्या लोकांचं नुकसान नको आहे. ते नुकसान आमच्यासारख्यांनी साडेचारशे किलोमीटर जाऊन करून घ्यायचं.

निगडीच्या टेबलातल्या दोघांबरोबर मी गेलो. वाकडहून रात्रीची स्लीपर, सकाळी पणजी, संध्याकाळी धक्क्यावरून छोट्या बोटीने जहाजावर. पोकरच्या खोलीत आम्हाला मिळालेलं सर्वांत खालचं टेबल शंभर-दोनशेचं. तिथे रीतसर बसायला २० हजार रुपये लागतात. निगडीच्या चाळीस शनिवारांचा बाय-इन. नाणेकरवाडीच्या मुलाच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. आमच्यातला एक जण कमीत कमी म्हणून १० हजार घेऊन बसला, चार तास बहुतेक डाव टाकत राहिला आणि ८ हजार ६०० घेऊन उठला. त्याच्यासाठी ती सुंदर रात्र होती : नऊ अनोळखी माणसं, सराईत डीलर, एकही फालतू डाव नाही. पण पोकरच्या खोलीतून बाहेर पडायची वाट रुलेटवरून जाते. रुलेटच्या चाकात एक शून्य धरून ३७ घरं, एका आकड्यावर लावलेल्या पैशाला ३५ पट. म्हणजे कितीही खेळा, शंभरातले २ रुपये ७० पैसे चाक ठेवून घेणार, आणि तिथे वाचायला समोर चेहराही नाही. पोकरमध्ये तीन तास संयम राखलेल्या माणसांना मी त्या चाकासमोर दहा मिनिटांत चिप्स संपवताना पाहिलं. २२ सप्टेंबर २०२५पासून कॅसिनोवरचा जीएसटीही ४० टक्क्यांवर गेला आहे. लहान डावाचा छंद जोपासायला जहाज ही जागा नाही.

बंदीबद्दल मला काय वाटतं, ते स्पष्ट लिहितो. कंपन्यांनी ही वेळ स्वतःवर ओढवून घेतली. नट आणि क्रिकेटपटू जाहिरातींतून सांगत होते की घरबसल्या कमवा, आणि ते ऐकणारा माणूस पाळी संपवून खोलीवर एकटा पडलेला होता. अशा धंद्याला वेसण हवीच होती. पण तामिळनाडूने वेसण घालून दाखवली होती. तिथल्या नियमांनी मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पैशांचे ऑनलाइन खेळ बंद ठेवले, आधारची पडताळणी आणली, खर्चाच्या मर्यादेचा आग्रह धरला, आणि मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५मध्ये ते उचलून धरलं. बारा ते पाच. चाकणला दुसरी पाळी सुटल्यानंतरची नेमकी तीच वेळ. तो नियम इथे असता तर १४ हजारांची ती ओळ त्या एक्सेलमध्ये आली नसती, आणि सुटीच्या दुपारचे दोनशे रुपये राहिले असते. टेबल बदलायला चोवीस तास थांबावं लागेल, एका वेळी एकच टेबल, रेकवर लहान टेबलांसाठी वेगळी मर्यादा, हे सगळं यंत्राला एका ओळीत शिकवता येतं. तीन दिवसांत झालेल्या कायद्यात एवढं बघायला कुणाला सवड झाली नाही. आव्हान देणाऱ्या याचिका वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या आहेत.

मधल्या काळात रिकामी जागा भरायला लोक आले आहेत. बंदीनंतर थोड्याच दिवसांत त्या मुलाला व्हॉट्सॲपवर निरोप आला : क्लबचं ॲप उतरवून घ्या, चिप्स फुकट दिसतील, पैशांचा व्यवहार एजंटशी यूपीआयने. पैसे ज्या खात्यावर जातात ते भलत्याचंच असतं. अशा कामासाठी बँक खातं महिन्याने भाड्याने द्या, चार हजार मिळतील, अशी विचारणा त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलालाही झाली. त्याने नकार दिला. शेजारच्या चाळीतल्या एकाने दिलं आणि आता त्याचं खातं गोठलं आहे, पगार त्याच खात्यावर येतो. जुन्या ॲपवर रेक किती टक्के होती हे तरी छापलेलं असायचं. इथे किती कापतात ते एजंटलाच ठाऊक, आणि हरलेला माणूस तक्रार घेऊन जाणार कुठे?

नाणेकरवाडीच्या खोलीत आता गुरुवारी पत्ते बसतात. एमआयडीसीला सुटी गुरुवारची. सहा-सात जण असतात, दोघं ओडिशाचे, एक बिहारचा, म्हणून बोलणं हिंदीत. चिप्सच्या जागी वॉशर : एम-सिक्सचा एक रुपया, एम-टेनचा पाच, एम-सिक्स्टीनचा वीस. बाय-इन १०० रुपये, आणखी एकदाच घेता येतो, त्यानंतर बसून बघायचं. वॉशरचा ढीग कुणी जोरात पुढे ढकलला की खालच्या मजल्यावर आवाज जातो, म्हणून खाली सतरंजी घातलेली असते. हिशेब एक्सेलवाल्याकडेच आहे आणि त्यात आता ‘रेक’चा रकाना नाही. तासाला अठरा-वीस डाव होतात, तेही बिहारच्या मुलाला प्रत्येक डावानंतर काय चुकलं ते समजून घ्यायचं असतं म्हणून.

घरमालकाच्या कानावर मात्र ही गोष्ट गेली आहे. कुणी कमिशन घेत नाही, बाहेरचं कुणी येत नाही, म्हणून हा जुगाराचा अड्डा ठरत नाही, असं मुलांनी त्याला सांगितलं. १८८७च्या कायद्यात अड्डा म्हणजे जिथे जागेचा मालक किंवा चालवणारा नफा काढतो ती जागा, हे त्यांनी मोबाइलवर उघडून दाखवलं. मालकाने ते वाचलं. छापा पडला तर आधी नाव आपलं छापून येणार आणि मग कलमं बघितली जाणार, असं त्याचं म्हणणं. पुढच्या गुरुवारी बसायचं कुठे, यावर त्यांचं अजून बोलणं चालू आहे.